एनएफएल संघाच्या सहायक प्रशिक्षकांचा इतिहास कसा जुळवावा

अमेरिकन फुटबॉलच्या कोणत्याही व्यावसायिक संघाचा इतिहास उघडला, तर तो मुख्य प्रशिक्षकांच्या कारकिर्दींत विभागलेला दिसतो, कारण जिंकलेले आणि हरलेले सामने त्यांच्याच खात्यावर लिहिले जातात. खेळाडूने काढलेले यार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे कापलेले अंतर, मोजता येतात आणि मुख्य प्रशिक्षकाचे विजय मोजता येतात. मधल्या फळीतल्या माणसाने नेमके काय केले, हे मात्र गुणफलकावर कुठेच उमटत नाही. त्यामुळे सहायक प्रशिक्षकांचा इतिहास आयता सापडत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. ही जुळवणी कशी करावी, हे येथे न्यूयॉर्क जायंट्स या संघाच्या आधारे सांगितले आहे. १९२५ साली स्थापन झालेला हा संघ निवडण्याचे कारण उघड आहे. व्हिन्स लोंबार्डी, टॉम लँड्री, बिल पार्सेल्स, बिल बेलिचिक, टॉम कॉफलिन आणि शॉन पेटन हे सहाही जण एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक होण्यापूर्वी जायंट्सचे सहायक होते, आणि सहाही जणांनी पुढे मुख्य प्रशिक्षक या नात्याने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. दुसरा एखादा संघ घेतला तरी पद्धत हीच राहील. नावे तेवढी बदलतील.

आरंभ कुठून धरावा

संघाच्या स्थापनेपासून सलग वर्षवार यादी करण्याचा मोह पहिल्यांदा होतो आणि तो आवरणे बरे. १९२० आणि १९३० च्या दशकांत संघ लहान असत, तेच अकरा खेळाडू आक्रमणालाही उभे राहत आणि बचावालाही, खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती आणि सामना चालू असताना बाकावरून सूचना देणे नियमबाह्य होते. अशा खेळात प्रशिक्षकांच्या मोठ्या ताफ्याला फारसे काम नव्हते. १९४४ मध्ये बाकावरून सूचना देण्यास एनएफएलने परवानगी दिली, आणि १९५० मध्ये खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा कायमची झाली. सहायक प्रशिक्षकाचा आजचा पेशा जन्माला आला तो या दुसऱ्या नियमातून. आक्रमणाची आणि बचावाची तुकडी वेगळी झाली, तेव्हा प्रत्येक तुकडीला शिकवणारा माणूसही वेगळा लागू लागला.

या दोन नियमांच्या मधल्या काळात क्लीव्हलँड ब्राउन्सचे मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी १९४६ पासून जी घडी बसवली, तिची नोंद कोणत्याही संघाच्या इतिहासात करावीच लागते. त्यांनी सहायकांना वर्षभराच्या पूर्णवेळ नोकरीवर ठेवले, खेळाडूंना वर्गात बसवून वह्या लिहायला लावल्या आणि सामन्यांच्या चित्रफितींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांच्या हाताखालचे वीब ईबँक आणि ब्लँटन कॉलियर पुढे मुख्य प्रशिक्षक झाले आणि ही रीत बाहेर पसरली.

म्हणून १९५० पूर्वीच्या काळासाठी एक आटोपशीर प्रकरण पुरते आणि वर्षवार नोंद १९५० पासून करावी. जायंट्सच्या बाबतीत त्या पहिल्या प्रकरणाचे नायक स्टीव्ह ओवेन आहेत. हे स्वतः संघाचे माजी टॅकल, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू. १९३१ ते १९५३ अशी तब्बल तेवीस वर्षे त्यांनी संघ सांभाळला. १९५० मध्ये क्लीव्हलँडचा हवाई मारा थोपवण्यासाठी त्यांनी छत्रीच्या काड्यांसारखी पसरणारी बचावाची मांडणी योजली. तिची रूपरेषा ओवेन यांनी दिली आणि बारकावे सहखेळाडूंना समजावण्याचे काम लँड्री या तरुण बचावपटूवर पडले, असे सांगितले जाते. लँड्री यांना तेव्हा प्रशिक्षकाचे कोणतेही पद नव्हते, तरी सहायकांच्या इतिहासाचे पहिले पान इथूनच लिहावे, असे माझे मत आहे.

तक्त्याची आखणी

माहिती गोळा करण्याआधी तक्ता आखून घ्यावा, नाहीतर पुढे सगळे पुन्हा लिहावे लागते. एका ओळीत एक व्यक्ती, एक हंगाम आणि एक काम, हा नियम पाळावा. रकाने पुढीलप्रमाणे असावेत: हंगाम, नाव, त्या वर्षी छापलेले पदनाम, प्रत्यक्ष काम, आधीचा संघ, नंतरचा संघ आणि माहितीचा आधार. पदनाम आणि काम यांचे रकाने वेगळे ठेवण्यावर माझा विशेष आग्रह आहे आणि त्याचे कारण पुढे येईलच.

बेलिचिक यांचे उदाहरण घेतले, तर ही शिस्त का हवी ते दिसते. ते १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्समध्ये टेड मार्चिब्रोडा यांच्या हाताखाली आठवड्याला पंचवीस डॉलरवर लागले, नंतर डेट्रॉइट आणि डेन्व्हर करून १९७९ मध्ये रे पर्किन्स यांच्या जायंट्समध्ये आले. तेथे सुरुवातीला स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्या, मग लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभे राहणारे खेळाडू, आणि १९८५ ते १९९० डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे प्रमुख, असा त्यांचा प्रवास झाला. ‘१९७९ ते १९९०, बिल बेलिचिक, बचाव’ अशी एकच ओळ लिहिली, तर बारा हंगामांतली चढण पुसली जाते आणि ते पहिल्या दिवसापासून बचावाचे सूत्रधार होते असा खोटा समज तयार होतो.

हंगाम आणि सन यांची गल्लत ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि अंतिम सामना पुढच्या वर्षी जानेवारीत किंवा फेब्रुवारीत होतो. २७ जानेवारी १९९१ रोजी टँपा येथे झालेला पंचविसावा सुपर बोल १९९० च्या हंगामाचा, आणि ३ फेब्रुवारी २००८ चा बेचाळिसावा सुपर बोल २००७ च्या हंगामाचा. सहायकांच्या नेमणुका आणि निरोप नेमके याच आठवड्यांत होत असल्याने, ‘१९९१ मध्ये बेलिचिक जायंट्समध्ये होते का’ या प्रश्नाचे उत्तर महिन्यावर अवलंबून राहते: जानेवारीत होते, आणि वसंत ऋतूपर्यंत ते क्लीव्हलँड ब्राउन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. तक्त्यात सदैव हंगामच लिहावा आणि नेमणुकीची तारीख मिळाली तर ती शेऱ्यात टाकावी.

काही नोंदी अशा असतात की त्या कोणत्याच चौकटीत नीट बसत नाहीत. पार्सेल्स यांची १९७९ मध्ये जायंट्समध्ये नेमणूक झाली, पण हंगाम सुरू होण्याआधीच त्यांनी कौटुंबिक कारणांनी माघार घेतली. १९८० मध्ये ते न्यू इंग्लंडला लाइनबॅकरांचे प्रशिक्षक होते आणि १९८१ मध्ये जायंट्समध्ये परतले. १९७९ ची ओळ ठेवावी, पण ‘एकही सामना नाही’ असा शेरा द्यावा. १९७६ चा हंगाम तर परीक्षाच पाहतो. बिल आर्न्सपार्गर हे मायामी डॉल्फिन्सच्या प्रसिद्ध बचावाचे शिल्पकार. १९७४ मध्ये ते जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९७६ मध्ये सलग सात पराभवांनंतर त्यांना काढण्यात आले. त्याच हंगामात ते सहायक म्हणून मायामीत परतले, आणि जायंट्सची सूत्रे त्या वर्षी सहायक म्हणून आलेल्या जॉन मॅकव्हे यांच्याकडे गेली. म्हणजे एका हंगामात एक मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या संघाचा सहायक झाला आणि एक सहायक मुख्य झाला. अशा वेळी त्या व्यक्तीच्या दोन ओळी कराव्यात आणि कितव्या सामन्यापर्यंत कोण होते ते लिहावे. स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्या नोंदी याच पद्धतीने तीन होतात: २००७ आणि २००८ मध्ये बचावाचे प्रमुख, २०१५ पासून पुन्हा तेच काम, आणि २०१७ च्या शेवटच्या चार सामन्यांसाठी हंगामी मुख्य प्रशिक्षक.

आधार कुठे शोधावेत आणि कोणावर किती विश्वास ठेवावा

संघ दरवर्षी पत्रकारांसाठी जी माहितीपुस्तिका छापतो, ती पहिला आधार मानावी. तिच्यात प्रत्येक सहायकाचा छोटा परिचय, पदनाम आणि आधीच्या नोकऱ्या असतात. मात्र ती हंगामापूर्वी छापली जाते, त्यामुळे नंतरचे बदल तिच्यात नसतात. सामन्याच्या दिवशी विकली जाणारी कार्यक्रमपत्रिका ही उणीव काही अंशी भरून काढते, कारण ती मोसमभर निघत राहते. तिसरा आधार त्या काळातली वृत्तपत्रे. न्यूयॉर्कच्या संघाबाबत इथे तुटवडा नाही. अडचण उलट आहे, एकाच नेमणुकीची चार वर्णने मिळतात. नेमणुकीच्या बातमीपेक्षा तीन-चार महिन्यांनी सराव शिबिरातून पाठवलेला वृत्तांत अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात कोण कोणत्या खेळाडूंना घेऊन कोणता सराव करवून घेत होते हे दिसते.

ओहायोतील कँटन येथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या नामवंतांच्या सन्मानाचे संग्रहालय, आहे आणि तेथील संग्रहात संघांच्या पुस्तिका, पत्रिका आणि कात्रणे जपलेली आहेत. १९७९ साली स्थापन झालेल्या प्रोफेशनल फुटबॉल रिसर्चर्स असोसिएशनच्या अभ्यासकांनीही जुन्या काळाच्या बऱ्याच याद्या तपासून ठेवल्या आहेत. संगणकीय आकडेवारीचे साठे सोयीचे असतात, पण सहायकांच्या बाबतीत ते शेवटी पाहावेत. मुख्य प्रशिक्षक आणि दोन कोऑर्डिनेटर यांच्यापलीकडे त्यांची नोंद विरळ होत जाते, आणि जुन्या माणसांना नवी पदे चिकटवण्याची खोड त्यांना असते.

संघाच्या सामूहिक छायाचित्रावर फार विसंबू नये. छायाचित्र एका दिवसाचे असते आणि त्याखालची नावे कधीकधी दुसऱ्याच वर्षाच्या यादीवरून लिहिलेली असतात. सामन्यातल्या छायाचित्रांत तर निम्मा ताफा दिसतच नाही, कारण काही सहायक मैदानाच्या कडेला उभे असतात आणि काही वर बंद कक्षात बसून दूरध्वनीवरून खाली सूचना देतात. मृत्युलेख जपून वापरावेत. त्यांत कारकिर्दीचा सलग आलेख मिळतो, पण वर्षे घरच्यांच्या स्मरणावर असतात आणि पद थोडे वाढवून सांगण्याचा कल असतो, जो समजण्यासारखा आहे.

सारख्या नावांचा घोळ आधीच ओळखून ठेवावा. या पेशात बापलेक पुष्कळ. डिक नोलन हे जायंट्सचे बचावपटू, पुढे डॅलसमध्ये लँड्री यांचे सहायक. त्यांचे चिरंजीव माइक नोलन १९९० च्या दशकात जायंट्सच्या बचावाचे प्रमुख. जिम मोरा नावाचे दोघे आहेत, वडील आणि मुलगा, दोघेही मुख्य प्रशिक्षक झालेले. नुसते आडनाव असलेले कात्रण मिळाले, तर वर्ष पाहिल्याशिवाय ते तक्त्यात चढवू नये.

पदनाम एक, काम दुसरे

आता मूळ मुद्दा. १९५४ मध्ये जिम ली हॉवेल जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या ताफ्यात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत रेड ब्लेक यांच्या हाताखाली तयार झालेले लोंबार्डी आक्रमणासाठी आले, आणि खेळाडू असलेले लँड्री बचावाचेही प्रशिक्षक झाले. आजची अनेक संदर्भस्थळे त्या दोघांना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आणि डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. त्या काळी ही पदे रूढ नव्हती. दोघेही सहायक प्रशिक्षकच होते. म्हणून ‘छापलेले पदनाम’ या रकान्यात त्या वर्षीच्या पुस्तिकेत असेल तेच उतरवावे, आणि ‘प्रत्यक्ष काम’ या रकान्यात ते काय करत होते ते लिहावे. हा दुसरा रकाना भरायचा म्हणजे त्यांचे हात मैदानावर कुठे दिसतात ते शोधायचे.

लोंबार्डी यांच्या बाबतीत तो हात फ्रँक गिफर्ड यांच्या जागेत दिसतो. १९५३ मध्ये गिफर्ड आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंना राबवले जात होते. लोंबार्डी यांनी आल्यावर त्यांना आक्रमणाचे हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, म्हणून पक्के केले आणि १९५६ मध्ये गिफर्ड लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. एका बाजूला रक्षकांची भिंत सरकवून तिच्यामागून धावपटूला न्यायचे, ही जी चाल पुढे ग्रीन बे पॅकर्सची ओळख बनली, तिचा सराव आधी न्यूयॉर्कमध्ये झाला होता. लँड्री यांच्या बाबतीत तो हात सॅम हफ यांच्या जागेत दिसतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पुढच्या फळीत खेळलेल्या या तरुणाला १९५६ मध्ये मागे घेऊन मधला लाइनबॅकर करण्यात आले, आणि चार पुढे, तीन मागे ही मांडणी त्याच्याभोवती रचली गेली. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, ३० डिसेंबर १९५६ रोजी, जायंट्सनी यांकी स्टेडियमवर शिकागो बेअर्सना ४७–७ असे हरवले. आपण फक्त चेंडूत हवा भरतो आणि शिस्त राखतो, असा विनोद हॉवेल स्वतःबद्दल करत. त्या विनोदावरून हॉवेल यांना कमी लेखणारे लेखन बरेच झाले आहे आणि ते मला पटत नाही. दोन अत्यंत आग्रही सहायकांना मोकळे सोडून संघ एकत्र ठेवणे हेही कामच आहे, आणि सहायकांचा इतिहास लिहिताना मुख्य प्रशिक्षकाने किती मोकळीक दिली होती याची नोंद प्रत्येक काळासाठी करावी लागते.

खेळणारे प्रशिक्षक हा या काळाचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांच्यासाठी तक्त्यात खूण हवी. लँड्री १९५४ आणि १९५५ मध्ये दोन्ही भूमिकांत होते. १९५९ नंतर ते नव्याने निघालेल्या डॅलस काउबॉईजकडे गेल्यावर बचावाची जबाबदारी लाइनबॅकर हार्लंड स्वारे यांच्याकडे आणि पुढे १९६२ पासून बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाला खेळणारे (डिफेन्सिव्ह एंड) अँडी रोबुस्टेली यांच्याकडे आली. तीही खेळाडू असतानाच. सलग तिघांना मैदानातूनच वर घेणे हा योगायोग वाटत नाही. लँड्री यांची मांडणी ज्यांनी अंगात मुरवली होती, त्यांच्याकडेच ती सोपवण्याचा तो प्रयत्न होता, असा तर्क करता येतो. मात्र इतिहासात तो तर्क म्हणूनच लिहावा.

आक्रमणाच्या बाजूला प्रत्यक्ष कामाचा एक निकष सोपा आहे: सामन्यात पुढची चाल कोण सांगत होते. पद असूनही हे काम काढून घेतले गेल्याची उदाहरणे सापडतात. पेटन २००० ते २००२ जायंट्सच्या आक्रमणाचे कोऑर्डिनेटर होते, पण २००२ च्या हंगामात मुख्य प्रशिक्षक जिम फॅसल यांनी चाली सांगण्याचे काम स्वतःकडे घेतले. २००६ मध्ये हंगामाचा एक सामना उरला असताना जॉन हफनेगल यांच्याकडून ते काढून केव्हिन गिलब्राइड यांच्याकडे देण्यात आले. नुसत्या पदांची यादी केली तर या दोन्ही घटना अदृश्य राहतात, आणि वाचक त्या सामन्यांचे श्रेय किंवा दोष चुकीच्या माणसाला देतो.

श्रेय कसे वाटावे

सहायकाच्या कामगिरीचा पुरावा म्हणून गाजलेल्या सामन्याची योजना दाखवली जाते, आणि तिथेच अतिशयोक्ती सर्वाधिक होते. पंचविसाव्या सुपर बोलमध्ये बेलिचिक यांनी आखलेली बचावाची योजना हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेली आहे, म्हणून तोच सामना तपासून पाहावा. बफेलो बिल्सचे आक्रमण मधे न थांबता भराभर चाली करणारे, जिम केली यांच्या फेकींवर चालणारे होते. बेलिचिक यांनी पुढची फळी मुद्दाम हलकी ठेवली, मागे माणसे वाढवली, झेल घेणाऱ्यांना जोरदार धडका द्यायला सांगितले आणि थर्मन थॉमस यांना धावू द्या, त्यांनी शंभर यार्ड काढले तरी चालतील, असे आपल्या खेळाडूंना बजावले. बचावपटूंना हे ऐकताना रुचले नाही, हेही त्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले आहे. थॉमस यांनी १५ धावांत १३५ यार्ड काढले आणि जायंट्स २०–१९ असे जिंकले.

इथे थांबले तर कथा सुबक होते, पण अपुरी राहते. त्याच सामन्यात जायंट्सच्या आक्रमणाने ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवला, म्हणजे बफेलोला साडेएकोणीस मिनिटेही मिळाली नाहीत. त्या आक्रमणाचे कोऑर्डिनेटर रॉन एरहार्ट होते, पुढच्या फळीमागून धावणाऱ्यांचे प्रशिक्षक रे हँडली होते, झेल घेणाऱ्यांचे कॉफलिन होते, आणि पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जायबंदी असल्याने जेफ होस्टेटलर खेळत होते. शेवटी स्कॉट नॉरवुड यांची ४७ यार्डांवरची किक बाहेर गेली, यात कोणाच्याही योजनेचा वाटा नव्हता. म्हणून एखाद्या सामन्याचे श्रेय लिहिताना त्या हंगामाचा संपूर्ण ताफा समोर ठेवावा आणि प्रत्येक तुकडीने काय केले ते तपासावे, मगच वाक्य लिहावे.

याच कसोटीने २००७ च्या हंगामाचा अंतिम सामना पाहता येतो. तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडने नियमित हंगामात ५८९ गुण केले होते. जायंट्सनी त्यांना १४ वर रोखून १७–१४ असा विजय मिळवला आणि टॉम ब्रेडी यांना पाच वेळा चेंडूसह खाली पाडले. बचावाचे प्रमुख स्पॅग्नुओलो यांचे ते पहिलेच वर्ष होते, आणि फिलाडेल्फियात जिम जॉन्सन यांच्याकडे शिकलेली दबावाची पद्धत त्यांनी सोबत आणली होती. तरीही मायकेल स्ट्रेहन, ओसी उमेन्योरा आणि जस्टिन टक हे तिघे स्पॅग्नुओलो येण्याआधीपासून संघात होते, हे त्याच परिच्छेदात सांगितले पाहिजे.

सहायकाचे महत्त्व खेळाडूंनीच ठणकावून सांगितल्याचा दाखला शिकागोत मिळतो. १९८१ मध्ये बेअर्सच्या बचावपटूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून बचावाचे प्रमुख बडी रायन यांना ठेवण्याची विनंती केली. हॅलस यांनी ती मानली, आणि नवे मुख्य प्रशिक्षक माइक डिटका आले तेव्हा बचावाचा ताफा आधीच ठरलेला होता. १९८५ चा हंगाम जिंकल्यावर खेळाडूंनी डिटका यांच्याबरोबर रायन यांनाही खांद्यावर घेतले. असे लेखी पुरावे दुर्मीळ असतात. मिळाले तर जसेच्या तसे उद्धृत करावेत.

कोण नव्हते, तेही लिहावे

याद्या भरताना ज्यांना वर्षानुवर्षे जागाच मिळाली नाही त्यांची नोंद आपोआप होत नाही, ती मुद्दाम करावी लागते. फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९२१ मध्येच ॲक्रन संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी उचलली होती, पण त्यानंतर दार बंद झाले. १९५७ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी दुखापतीने खेळ सुटलेल्या लोवेल पेरी यांना झेल घेणाऱ्यांचे प्रशिक्षक नेमले. जायंट्सच्या इतिहासात या प्रकरणाचे नाव एमलेन टनेल आहे. १९४८ मध्ये ते संघाचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू झाले, १९६५ मध्ये सहायक प्रशिक्षक झाले आणि १९६७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले.

मुख्य प्रशिक्षकाच्या निवडीसाठी अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेण्याची सक्ती करणारा रूनी नियम २००३ मध्ये आला. कोऑर्डिनेटरच्या पदांना तो २०२० मध्ये लागू झाला. हे सतरा वर्षांचे अंतर तक्त्यासमोर ठेवून पाहावे. मुख्य पदावर जाणारी वाट बहुतेक वेळा कोऑर्डिनेटरच्या खुर्चीतून जाते, त्यामुळे आक्रमणाच्या बाजूला कोणाला कोणती तुकडी शिकवायला मिळाली, हा रकाना इथे फार बोलका ठरतो. स्त्रियांची नोंद अलीकडची आहे: २०१५ च्या उन्हाळ्यात ॲरिझोना कार्डिनल्सनी जेन वेल्टर यांना शिबिरापुरते घेतले आणि २०१६ मध्ये बफेलोत कॅथरिन स्मिथ पूर्णवेळ सहायक झाल्या.

वंशवृक्ष काढताना

कोण कोणाच्या हाताखाली शिकले याचा वृक्ष काढणे लोकप्रिय आहे आणि फसवेही आहे. त्यात प्रत्येकाला एकच गुरू मिळतो. बेलिचिक यांना पार्सेल्स यांच्या फांदीवर बसवले, तर मार्चिब्रोडा, पर्किन्स आणि नौदल अकादमीत वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करणारे त्यांचे वडील स्टीव्ह हे सारे गळतात. त्याऐवजी बाणांचा नकाशा काढावा: एका रंगाने कोण कुठून आले, दुसऱ्या रंगाने कोण कुठे गेले. एकत्र काम केल्याची वर्षे बाणावर लिहावीत. एका हंगामाचा सहवास आणि आठ हंगामांचा सहवास सारख्या जाडीच्या रेषेने दाखवू नये. अ‍ॅली शर्मन यांचा बाण तर न्यूयॉर्कहून कॅनडातील विनिपेगला जातो आणि परत येतो; लोंबार्डी १९५९ मध्ये गेल्यावर आक्रमण त्यांच्याकडे आले आणि १९६१ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले.

असा नकाशा हाताशी असला, की लेखनाची विभागणीही सुचते. प्रकरणे मुख्य प्रशिक्षकांच्या नावाने न पाडता ताफ्यांच्या नावाने पाडावीत, आणि ताफा फुटला की प्रकरण संपवावे. १९९० चा जायंट्सचा ताफा हे याचे उत्तम उदाहरण आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये बेलिचिक क्लीव्हलँडला गेले, कॉफलिन बोस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि पार्सेल्स यांनी राजीनामा दिला तो थेट मे महिन्यात. तोवर घरातला सर्वांत मोठा उमेदवार निघून गेला होता, म्हणून पद हँडली यांच्याकडे आले आणि दोन हंगामांत संपले. बचाव अल ग्रो यांच्याकडे गेला, जे २००० मध्ये न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच ताफ्यातले रोमिओ क्रेनेल पुढे क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटीचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि कनिष्ठ चार्ली वाइस नोत्र दाम विद्यापीठाचे. मुख्य प्रशिक्षकांच्या नावाने प्रकरणे पाडली असती, तर या चार महिन्यांचा क्रम पार्सेल्स यांच्या प्रकरणाचा शेवट आणि हँडली यांच्या प्रकरणाचा आरंभ यांत विभागून हरवला असता.

ताफ्याचा आकारही प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला द्यावा. लोंबार्डी आणि लँड्री यांच्या वेळी सहायक हाताच्या बोटांवर मोजता येत. आज वीसपेक्षा अधिक असतात. स्पेशल टीम्ससाठी स्वतंत्र प्रशिक्षक १९६९ च्या सुमारास दिसू लागले, त्या वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सकडे डिक व्हर्मील आणि फिलाडेल्फियाकडे मार्व्ह लेव्ही हे काम करत होते. शक्तिप्रशिक्षक त्याआधी, १९६३ मध्ये, सॅन डिएगो चार्जर्सनी अल्विन रॉय यांच्या रूपाने आणला. तुमच्या संघात ही पदे केव्हा उघडली, हे वर्ष शोधून त्या त्या प्रकरणात टाकावे. सध्याच्या ताफ्याबाबत मात्र नाव, पद आणि आधीचा संघ इतकेच लिहून प्रकरण उघडे ठेवावे. त्या माणसांच्या हाताखालचे खेळाडू अजून खेळत आहेत आणि ‘नंतरचा संघ’ हा रकाना अजून रिकामा आहे.